माझा जन्म झाल्याचा कागद

जर्मनीतल्या एका दवाखान्यानं मला नोकरी देऊ केली, तेव्हा माझ्याकडे बाकी सगळे कागद होते. फक्त मी जन्मले होते, याचा कागद नव्हता.

दहावीचं गुणपत्रक होतं. कलबुर्गीच्या कॉलेजातली नर्सिंगची पदवी होती, कौन्सिलची नोंदणी होती, बीदरच्या एका खासगी दवाखान्यात आयसीयूमध्ये चार वर्षं काम केल्याचं पत्र होतं. पासपोर्टसुद्धा निघाला होता, कारण पासपोर्टला शाळेचा दाखला चालला. पण जर्मनीत परदेशी नर्सची पदवी तपासणारं एक सरकारी खातं असतं. त्या खात्यानं होकार दिल्याशिवाय व्हिसा नाही, आणि व्हिसावर तिथं पोचल्याशिवाय राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना नाही. त्या खात्यानं पाठवलेल्या यादीत दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, जन्माचा दाखला.

मी गावी, खटकचिंचोळीला, आईला फोन लावला.

"माझा जन्माचा दाखला कुठं ठेवलाय?"

आई गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं आणि जन्मतारखा वहीत चढताना ती रोज बघते. तरी ती म्हणाली, "कसला दाखला? तू घरात झालीस. घरात झालेल्याला कोण दाखला देतंय?"

तोवर या कामात माझं दीड वर्ष गेलं होतं. मला आयसीयूमधलं पुढचं शिक्षण घ्यायचं होतं आणि बीदरमध्ये काम करत ते होत नव्हतं. आमच्या दवाखान्यातली एक सीनियर आधीच जर्मनीला गेली होती. तिनं सांगितलं, तिथं नोकरी करता करता शिकता येतं, आणि शिकायला दवाखानाच पाठवतो. तेवढं ऐकून मी भाषेचा ऑनलाइन वर्ग लावला. ड्युटीला जायच्या आधी, पहाटे, मी भाड्याच्या खोलीच्या गच्चीवर मोबाइल घेऊन बसायची.

आमच्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड, बीदरच्या दवाखान्यात निम्मे पेशंट दखनी बोलणारे, आणि चार्ट लिहायचे इंग्रजीत. त्यामुळे आणखी एका भाषेची मला भीती वाटली नाही. उलट जर्मनमध्ये लांब वाक्यात क्रियापद पार शेवटाला जातं, हे कळलं तेव्हा हायसं वाटलं. मनात मराठी वाक्य करायचं आणि क्रियापद आहे तिथंच राहू द्यायचं. लिंगंही तीनच. चमचा तिथंही पुरुषच निघाला. सूर्य मात्र बाई निघाली आणि चंद्र पुरुष. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सूर्य बाई हाय? व्हय की. म्हणून तर सगळ्यांच्या अगुदर उठून कामाला लागतोय."

अप्पांना मात्र यातलं काही आवडलं नव्हतं. माझे वडील गवंडी आहेत. हैदराबादला, पुण्याला, सोलापूरला, जिथं काम असेल तिथं ते वर्षातले आठ महिने राहिले आहेत. मी बीदरला नोकरीला लागले तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं, कारण मी बसनं तासाभरात घरी येऊ शकत होते. जर्मनीचं ऐकल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "तिकडं कामून? हिकडं दवाखाने न्हाईत व्हय?" मी शिक्षणाचं सांगितलं. त्यानंतर हा विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे. रागावून नव्हे. काहीतरी काम आठवल्यासारखं करून.

भाषेच्या परीक्षेला मी हैदराबादला गेले. पहिल्यांदा ऐकण्याच्या भागात नापास झाले. दुसऱ्यांदा चारही भाग सुटले. मग मोबाइलवर मुलाखत झाली आणि एका लहान गावातल्या दवाखान्यानं मला पसंत केलं. आणि इथवर येऊन मी माझ्याच जन्मापाशी अडकले.

ग्रामपंचायतीत जुन्या नोंदवह्या होत्या. सेक्रेटरीनं माझ्या समोर त्या वर्षाची वही उघडून पानं उलटली. दवाखान्यात झालेली मुलं होती, मोठ्या घरची मुलं होती. आमच्या बौद्ध गल्लीतलं एकही नाव नव्हतं. त्या वर्षी आमच्या गल्लीत कुणी जन्मलंच नाही असं ती वही सांगत होती. माझ्या वर्गात माझ्या गल्लीतली चार मुलं होती, हे मला आठवलं, पण सेक्रेटरीला सांगून काय उपयोग. तो माझ्यापेक्षा लहान होता. त्यानं मला नोंद नसल्याचा दाखला दिला आणि म्हणाला, "अक्का, एवढी जुनी नोंद घालायला कोर्टाचा हुकूम लागतो. भालकीला वकील बघा."

भालकी आमचा तालुका. तिथले वकील मध्यमवयीन, कामाचा उरक असलेले गृहस्थ होते. कागद बघून म्हणाले, "सोपं आहे. तुमच्या जन्माच्या वेळी हजर असलेलं एक माणूस साक्षीला आणा. दाई असली तर उत्तम."

दाई होती. गावात तिला सगळे अक्काच म्हणतात. ती लिंगायत गल्लीत राहते, वय ऐंशीच्या पुढं, कपाळावर भस्माच्या तीन रेघा. तरुण असताना तिची धाकटी जाऊ बाळंतपणात गेली. त्यानंतर सरकारनं दायांचं प्रशिक्षण काढलं तेव्हा ही आपणहून भालकीला जाऊन शिकून आली. सरकारनं दिलेली पत्र्याची पेटी, आत ब्लेड, दोरा, साबण, एवढं घेऊन ती बोलावतील त्या घरी जायची. आमच्या गल्लीतही यायची, बाळंतिणीपाशी रात्र रात्र बसायची, आमच्या घरचा चहा प्यायची. सुरवातीला तिच्या घरच्यांनी काही दिवस तिचं ताट वेगळं मांडलं, असं आई सांगते. अक्का त्या ताटात जेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

मी, आई आणि वकील तिच्या घरी गेलो. ती अंगणात ऊन खात बसली होती. मला बघून म्हणाली, "नर्स व्हय तू? बस. तू माझ्याच हातची हाईस. पायाळू व्हतीस. तुझा पाय अगुदर आला."

मी चार वर्षं आयसीयूत काम केलं होतं, पण मी पायाळू होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईकडे बघितलं. आई म्हणाली, "काय सांगायचं त्यात. झालीस न्हवं नीट."

वकिलांनी अक्काला समजावलं. कोर्टात शपथ घ्यायची, ही मुलगी माझ्या हातून या घरात झाली म्हणायचं, आणि तारीख सांगायची, एक जून.

"जून?" अक्का म्हणाली. "जूनला कशी होईल? तुरी काढायलते. थंडी व्हती. खाटंखाली शेगडी ठिवली व्हती मी."

"अक्का, शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे. तिच्या पासपोर्टवर पण तेच आहे."

"ते मास्तरनं लिवलं असंल."

"असू द्या. तुम्ही तेवढं जून म्हणा. म्हणजे काम होतं."

अक्कानं पदर सारखा केला आणि शांतपणे विचारलं, "शपथ घेऊन लबाड बोलायला लावायलाव व्हय? न्हाई म्हणणार मी. मला नगा नेऊ."

आम्ही उठून आलो. वाटेत वकील म्हणाले, "यात एवढं काय आहे? दुसरी कुणी म्हातारी बघा. त्या वेळी शेजारी राहणारी कुणीही चालेल. दोन मिनिटांची साक्ष असते." आईनं लगेच गल्लीतल्या एका काकूचं नाव सुचवलं. काकू आनंदानं आल्या असत्या, आणि जून काय, मार्चसुद्धा म्हणाल्या असत्या.

मला अक्काचा राग आला होता, हे लपवत नाही. दीड-दोन वर्षांची मेहनत, पहाटेचे वर्ग, हैदराबादच्या फेऱ्या, आणि ही बाई एका महिन्याच्या नावासाठी अडून बसली होती. संध्याकाळी मी आईला तसं म्हणालेही. आई भाकरी थापत होती. अप्पा दारात बसले होते. त्या विषयावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते बोलले. "अक्का खरं बोलायली. मीच लाकडं आणली व्हती त्या दिवशी. लई थंडी व्हती."

"मग आता मी काय करू?"

"ते मला कळत न्हाई," अप्पा म्हणाले. "पर अक्का व्हती तिथं. काकू न्हवती."

त्या दोन वाक्यांवर मी बराच विचार केला. आयसीयूमध्ये आम्ही दर तासाला पेशंटचं बीपी, नाडी, लघवी चार्टवर लिहितो. कामाच्या गर्दीत एखादा आकडा अंदाजानं भरावा असं कुणालाही वाटतं, आणि तो भरू नये हे मी नव्या मुलींना शिकवत आले होते. काकूला उभं केलं असतं तर तारीख तर अंदाजाची झालीच असती, पण त्या खोलीत कोण होतं हेसुद्धा खोटं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी वकिलांना फोन करून सांगितलं की साक्षीला अक्काच येईल, आणि तिला जे आठवतं तेच ती सांगेल. ते वैतागले. "मग निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही," म्हणाले. मी बरं म्हटलं.

अक्काला आणायला मीच गेले. ती एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "जून म्हणायला न्हाई लावणार?" मी न्हाई म्हटलं. ती आत गेली आणि धुतलेलं लुगडं नेसून आली.

कोर्टाच्या दिवशी अप्पांनी काम बंद ठेवलं. अक्काला रिक्षात बसवलं, उतरवलं, पायऱ्या चढवल्या. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या, म्हैसूरकडचं कन्नड बोलणाऱ्या. अक्काचं कन्नड आमच्याकडचं, मराठी मिसळलेलं. दोघींना एकमेकींचं बोलणं एकदा ऐकून परत विचारावं लागत होतं. पण काही वेळानं जमलं.

"ही मुलगी तुमच्या हातून जन्मली?"

"व्हय."

"कुठं?"

अक्कानं आमचं घर सांगितलं. दार कुठल्या बाजूला होतं, चूल कुठं होती, अप्पा बाहेर कुठं बसले होते, सगळं.

"कधी?"

"तुरी काढायच्या दिवसांत. थंडी व्हती."

वकिलांनी मान खाली घातली. न्यायाधीश बाईंनी समोरचा कागद बघितला. "शाळेत एक जून लिहिलंय."

"ते शाळेचं," अक्का म्हणाली. "मी शाळेत न्हवते बाई. मी बाळंतिणीपाशी व्हते."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही शेकड्यानं बाळंतपणं केली असतील. तीस वर्षं होत आली. ही तीच मुलगी, हे तुम्हाला कसं आठवतं?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पायाळू लेकरं माझ्या हातनं तीनच झाली. दोन गेली. ही राहिली. हिला मी इसरंन का?"

मी अप्पांकडे बघितलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, जसं भिंत सरळ आहे का ते बघतात तसं.

न्यायाधीश बाईंनी पुढची तारीख दिली आणि शाळेचं मूळ प्रवेश रजिस्टर मागवलं. गावातल्या मराठी शाळेच्या हेडमास्तरांनी ते कापडात बांधून आणलं. माझं नाव असलेल्या पानावर अकरा मुलं होती. त्यातल्या नऊ जणांचा जन्म एक जूनला झालेला. न्यायाधीश बाईंनी ते पान बराच वेळ बघितलं आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

हुकूम आला तो असा. या मुलीचा जन्म या गावात, या घरी, या आईवडिलांच्या पोटी झाला हे दाईच्या साक्षीवरून सिद्ध होतं, आणि साक्ष विश्वासार्ह आहे. नेमक्या तारखेचा दुसरा कुठलाही लेखी पुरावा नसल्यानं शाळेतल्या पहिल्या नोंदीची तारीख ग्राह्य धरावी. वकील नंतर मला म्हणाले, "म्हातारीनं थंडी म्हटलं म्हणून बाईंचा तिच्यावर विश्वास बसला." त्यांना ते बोलताना थोडं अवघडल्यासारखं झालं होतं.

काही दिवसांनी जन्माचा दाखला हातात आला. कन्नड आणि इंग्रजीत. अप्पांना मराठी वाचता येतं, या दोन्ही लिप्या येत नाहीत. त्यांनी दाखला दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "यात माझं नाव कुठाय?" मी बोट ठेवून दाखवलं. मग आईचं नाव दाखवलं. मग माझं. त्यांनी तिन्ही नावांवरून हळूच बोट फिरवलं आणि दाखला मला परत दिला. जेवताना ते म्हणाले, "तिकडचा परवाना किती वर्सांचा असतोय?"

मी सांगितलं की आधी थोड्या मुदतीचा असतो, मग वाढवून मिळतो.

"बरं," ते म्हणाले. "गरम कपडे हैदराबादला घेऊ. सोलापूरला न्हाई."

पुढचं सगळं लवकर झालं असं नाही, पण झालं. कागदांची जर्मन भाषांतरं झाली. पदवी तपासणाऱ्या खात्यानं कळवलं की तुमचं शिक्षण बरंचसं आमच्याबरोबरीचं आहे, काही गोष्टी कमी आहेत, इथं येऊन काही महिने काम करा आणि परीक्षा द्या. बेंगळुरूला जाऊन मी बोटांचे ठसे दिले. व्हिसा लागला. अक्काच्या पाया पडायला गेले तेव्हा तिनं विचारलं, तिथं बायका घरी बाळंत होतात का दवाखान्यात. मी म्हटलं, दवाखान्यात. ती म्हणाली, "चांगलंय. पर कुणी घरात झालंच तर तिथं कागद देतेत का?" मी म्हटलं, देतात. तिला ते फार पटलं.

जर्मनीतलं ते गाव डोंगराच्या कुशीत आहे. भालकीपेक्षा लहान. दवाखान्यानं मला एक खोली दिली होती. पहिल्या आठवड्यात गावच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवला. मग परदेशी लोकांचं खातं. तिसऱ्या मजल्यावर, नंबर लागल्यावर आत बोलावतात. माझी फाइल ज्यांच्याकडे होती ते पन्नाशीचे गृहस्थ होते, चष्मा दोरीला अडकवून गळ्यात. ते इतके भरभर बोलले की मला तीनच शब्द कळले. मी म्हटलं, कृपया सावकाश बोला. ते थांबले, चष्मा लावला आणि इतकं सावकाश बोलायला लागले की आता मला हसू आवरेना. ते त्यांच्याही लक्षात आलं. त्यानंतर ते मधल्या वेगानं बोलायचे.

त्यांनी समजावलं ते असं. तुमच्या व्हिसाची मुदत अमुक तारखेपर्यंत आहे. त्याच्या आत परीक्षा पास झालात आणि पदवीला मान्यता मिळाली, तर नर्स म्हणून राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना मिळेल. तोवर तुम्ही मदतनीस म्हणून काम कराल.

मदतनीस. आईचाच हुद्दा. त्या आठवड्यात मी फोनवर आईला तसं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मंग काय झालं? मदतनीस झाल्यावर सगळं कळतंय."

तिचं खरं होतं. मदतनीस म्हणून मी अंथरुणं बदलली, आंघोळी घातल्या, जेवणाची ताटं वाटली, आणि त्या भागातली बोली शिकले, जी वर्गात कुणी शिकवली नव्हती. म्हातारे पेशंट मला चुका सुधारून द्यायचे. एका आजोबांनी तर माझ्यासाठी वहीच केली होती. रोज दहा शब्द.

तरीही परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. दोन परीक्षक समोर उभे होते आणि एका खऱ्या पेशंटची सकाळची सगळी काळजी मला घ्यायची होती. मी जखमेची पट्टी बदलली, इंजेक्शन दिलं, कुशीवर वळवलं, एकही चूक केली नाही. नंतर परीक्षक बाई म्हणाल्या, "हात उत्तम आहेत. पण तुम्ही पेशंटला एका शब्दानं सांगितलं नाही की तुम्ही आता काय करणार आहात. त्या बाईंना तुम्ही वळवलंत तेव्हा त्या घाबरल्या. तुम्हाला दिसलं नाही."

खरंच दिसलं नव्हतं. बीदरच्या आयसीयूत आम्ही जे काही सांगायचं ते नातेवाइकांना सांगत असू. पेशंटशी बोलावं असं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि वेळही नव्हता. मी खोलीवर जाऊन रडले. पुन्हा एकदाच संधी असते. आणि दुसऱ्या परीक्षेच्या आधी व्हिसाची मुदत संपत होती.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. वाटलं होतं, आता परत जा म्हणतील. त्या गृहस्थांनी कागद बघितले आणि विचारलं, "नापास का झालात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. माझ्याशीही कुणी बोललं नव्हतं. तुम्ही शिका." आणि त्यांनी एक तात्पुरता कागद छापून दिला. परवान्याचा अर्ज विचाराधीन आहे, तोवर ही व्यक्ती इथं राहू शकते आणि काम करू शकते, असं त्यावर लिहिलं होतं. साधा घडीचा कागद. मी तो पर्समध्ये न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवायची.

पुढचे तीन महिने मी बोलायला शिकले. आता मी तुमचा हात धरते. आता थोडं गार लागेल. आता डाव्या कुशीवर वळूया, तयार आहात का. सुरवातीला ते मला नाटकासारखं वाटायचं. मग एके दिवशी एका आजी, ज्या वळवताना नेहमी माझं मनगट घट्ट धरायच्या, त्यांनी धरलं नाही. आधी सांगितल्यामुळे त्यांचं अंग सैल राहिलं होतं. त्या दिवशी मला ते कळलं. परीक्षा नंतर झाली, आणि तिथं मी इतकं बोलले की परीक्षक बाईंनी शेवटी हात वर करून पुरे म्हटलं.

मान्यतेचं पत्र आलं. ते घेऊन मी परत तिसऱ्या मजल्यावर गेले. त्या गृहस्थांनी कार्डासाठी माहिती भरायला घेतली. उंची विचारली. मग म्हणाले, "डोळ्यांचा रंग?" मी तपकिरी म्हटलं. त्यांनी चष्म्यातून खरोखर माझ्या डोळ्यांत बघून खात्री केली आणि लिहिलं. जन्मगाव लिहिताना त्यांनी पासपोर्टवरून एकेक अक्षर बघून टंकलं, मग मोठ्यानं वाचायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. मी म्हणून दाखवलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. जवळपास जमलं.

सहा आठवड्यांनी कार्ड तयार झाल्याचं पत्र आलं. मी सकाळी जाऊन ते घेतलं. बसमध्ये बसून दोन्ही बाजूंनी बघितलं. मागच्या बाजूला माझ्या गावाचं नाव होतं, पुढच्या बाजूला काम करण्याची परवानगी. घरी फोन लावला तर आई अंगणवाडीत होती. फोन अप्पांनी उचलला. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "प्लास्टिकचं हाय का कागदाचं?" मी म्हटलं, प्लास्टिकचं. "मंग भिजणार न्हाई," ते म्हणाले, आणि पुढं म्हणाले, "आईला मी जाऊन सांगतो. आत्ताच जातो."

दुपारी ड्युटी होती. वॉर्डच्या मुख्य नर्सनं माझी मान्यता आणि कार्ड बघितलं, दोन्हीची प्रत फाइलला लावली, आणि आपल्या कमरेची किल्ली काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. औषधांच्या कपाटाची. मदतनीसाला ते कपाट उघडता येत नाही, मला आठ महिने दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागायचं. तिनं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी वेळ बघितली, लिहिली, सही केली आणि किल्ली घेतली.

पहिल्या खोलीत काल दाखल झालेले एक आजोबा होते. त्यांनी माझ्या हातातल्या गोळ्यांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही नवीन आहात का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ही पांढरी गोळी रक्तदाबाची आहे, ही पिवळी पोटाची. आधी मी तुम्हाला थोडं उठवून बसवते. तयार आहात?"

त्यांनी मान हलवली आणि आपला हात पुढं केला.